उत्तर येईपर्यंत थांबा

दरवर्षी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नवे विद्यार्थी आले, की पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग हमखास घडतो. मंडल जोडून होते, कळ दाबली जाते आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा मात्र शून्यावरून हलत नाही. मग कोणीतरी येऊन सांगतो, "सर, सेल संपलाय." मी विचारतो, "सेल संपलाय, की तार सैल आहे?" बहुतेक वेळा तारच सैल निघते. काटा हलला नाही, एवढ्यावरून सेल निकामी ठरवू नये, हा नियम मी गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहे. परंतु प्रयोगशाळेबाहेर मी स्वतःच तो कित्येक वर्षे विसरलो होतो. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. आता ती बारा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचे हात तिच्या इच्छेविरुद्ध हलतात, मान स्थिर राहत नाही, आणि तिच्या तोंडून निघणारे आवाज तिच्या आईखेरीज फारसे कोणाला उमगत नाहीत. त्यांच्या घरी गेलो, की मी तिच्यासमोरच तिच्या आईला विचारीत असे, "काय वहिनी, हिची तब्येत बरी आहे ना? हिला बिस्किट चालतं का?" मुलगी माझ्याकडे पाहत असे. मी मात्र तिला कधी काही विचारले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ दहावीत होता. आरशांचा धडा त्याला नीट समजला नव्हता, म्हणून मी त्यांच्या घरी बसून शिकवीत होतो. "अंतर्वक्र आरसा आणि त्याची नाभी यांच्यामध्ये वस्तू ठेवली, तर प्रतिमा कशी मिळेल? वास्तव की आभासी?" त्याने उत्तर दिले, "वास्तव." तेवढ्यात खुर्चीतून मोठा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, तिला वाटतंय, तो चुकला." त्यांच्या घरात 'होय'साठी डोळे वर आणि 'नाही'साठी डोळे घट्ट मिटणे, अशी खूण ठरलेली होती. मी जरा गमतीनेच तिला विचारले, "वास्तव?" तिने डोळे मिटले. "आभासी?" डोळे छताकडे गेले. उत्तर बरोबर होते.

दोन पर्यायांपैकी एक बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते, तेव्हा एका उत्तरावरून काहीच सिद्ध होत नाही. माझ्यातला मास्तर जागा झाला. आईला आतच थांबायला सांगून मी त्या धड्यावर तसलेच दहा प्रश्न विचारले. नऊ बरोबर आले. नाणेफेक करून दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शेकडा सुमारे एक एवढीच असते. भावाचा अभ्यास चालू असताना ही मुलगी रोज खुर्चीत बसून सारे ऐकत होती आणि शिकत होती. सेल उत्तम होता. तार सैल होती, आणि ती जोडून पाहावी, असे माझ्यासारख्याला कधी सुचले नव्हते.

दोष कोठे असतो?

सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. बाळाचा मेंदू वाढत असताना, म्हणजे जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच, मेंदूच्या काही भागाला इजा झाली, तर शरीराच्या हालचालींवरचे नियंत्रण बिघडते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या अवस्थेचे तपशीलवार वर्णन केले होते, म्हणून पूर्वी तिला 'लिटलचा रोग' म्हणत. मेंदूतील ही इजा पुढे वाढत जात नाही. ती संसर्गजन्य तर मुळीच नाही. दर हजार जन्मांमागे साधारणपणे दोन ते तीन बालकांत ही अवस्था आढळते, आणि अशा दर चार मुलांपैकी सुमारे एकाला बोलता येत नाही.

बोलणे ही आपल्याला सोपी वाटणारी, पण विलक्षण गुंतागुंतीची हालचाल आहे. फुप्फुसांतून हवा मोजून सोडायची, स्वरयंत्रातील पडदे ताणायचे, आणि जीभ, टाळू, ओठ व जबडा यांची जागा सेकंदात अनेक वेळा बदलायची. यांतल्या एकाचीही वेळ चुकली, तर शब्द बिघडतो. ज्या मुलाच्या मेंदूतील स्नायूंना आज्ञा देणारी यंत्रणा दुखावली आहे, त्याला हे साधत नाही. परंतु ऐकलेले समजणे, आठवणे, विचार करणे, विनोदावर हसणे, यांसाठी जिभेची गरज नसते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांमध्ये बौद्धिक अपंगत्वही असते, काहींना दिसण्याच्या किंवा ऐकण्याच्या अडचणी असतात, हे खरे आहे. पण कोणाला किती समजते, हे बोलण्यावरून ठरविता येत नाही. आणि ज्याला कमी समजते, त्यालाही तहान लागते, दुखते आणि कोणीतरी आवडते. ते सांगण्याचा मार्ग त्यालाही हवाच.

टोरांटोच्या मुलांची चित्रलिपी

हा मार्ग कसा सापडू शकतो, याची एक खरी हकीकत फार बोधप्रद आहे. चार्ल्स ब्लिस यांचा जन्म १८९७ साली त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील चेर्नोविट्झ या गावी झाला. तेथे निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक एकमेकांचा द्वेष करीत, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. ते रसायन अभियंता झाले. १९३८ साली नाझींनी त्यांना छळछावणीत टाकले. तेथून सुटल्यावर ते शांघायला पोचले. चिनी लिपीतील चिन्हे उच्चार ठाऊक नसतानाही अर्थ सांगू शकतात, हे पाहून, सर्व जगाला समजेल अशी चिन्हलिपी तयार करावी, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे ते ऑस्ट्रेलियात गेले आणि १९४९ साली त्यांनी आपली लिपी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जगाने तिच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली.

या लिपीत हृदयाचे चित्र म्हणजे भावना. हृदयाशेजारी वर जाणारा बाण काढला, की आनंद, आणि खाली जाणारा बाण काढला, की दुःख. डोळा आणि पाणी एकत्र आले, की अश्रू. त्यावर क्रियेची छोटी खूण केली, की रडणे. म्हणजे थोड्या चिन्हांची जुळणी करून पुष्कळ अर्थ सांगता येतात.

१९७१ साली कॅनडातील टोरांटो शहरात अपंग मुलांच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन नावाच्या शिक्षिका सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शिकवीत होत्या. या मुलांजवळ फळ्यावर चिकटविलेली मोजकी चित्रे असत: पेला, बिछाना, संडास. चित्रांनी वस्तू मागता येत, पण 'काल', 'का?', 'मला भीती वाटते' हे सांगता येत नसे. मॅकनॉटन आणि त्यांचे सहकारी काहीतरी अधिक चांगले शोधीत होते. जगातील चिन्हांविषयीच्या एका पुस्तकात त्यांना ब्लिस यांची लिपी सापडली. मुलांनी ती भराभर उचलली. बोट, मूठ किंवा नजर चिन्हावर नेऊन ती मुले वाक्ये करू लागली, प्रश्न विचारू लागली, फळ्यावर नसलेल्या गोष्टींसाठी चिन्हांच्या नव्या जोड्या बनवू लागली. तोपर्यंत ज्यांना काही समजत नाही असे मानले जात होते, त्यांचे मन प्रथमच इतरांना दिसले.

ब्लिस यांना आनंद झाला, पण तो टिकला नाही. मुलांसाठी लिपीत बदल केले जातात आणि मुले लिपीचा उपयोग इंग्रजी वाचायला शिकण्यासाठी पायरी म्हणून करतात, हे त्यांना रुचेना. वाद विकोपाला गेला, आणि पुढे कराराने मिटला. या वादात मी मुलांच्या बाजूचा आहे. लिपी, फळा किंवा यंत्र हे साधन आहे. ज्याला त्याने बोलायचे आहे, तोच त्याचा मालक. त्याने ते वाकवावे, बदलावे, गरज संपली की सोडूनही द्यावे.

वर्णमालेचा चौकोन

टोरांटोची हकीकत मी वाचली आणि मग आम्ही पुठ्ठ्याचा एक फळा तयार केला. आपल्या मुलीला अक्षरे भावाच्या पुस्तकांमुळे बरीचशी ओळखू येतात, हे एव्हाना लक्षात आले होते. म्हणून चित्रांऐवजी अक्षरे घेतली.

विद्यार्थी मित्रहो, आपली वर्णमाला या कामासाठी किती सोयीची आहे, पाहा. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग अशा पाच ओळी, आणि प्रत्येकीत पाच अक्षरे. आपल्या पूर्वजांनी उच्चारस्थानांप्रमाणे ही मांडणी करून ठेवली आहे. सहाव्या ओळीत य, र, ल, व, श आणि सातवीत ष, स, ह, ळ, क्ष घेतले. ज्ञ सोडला, कारण तो ज आणि ञ मिळून होतो. आठवी ओळ अ, आ, इ, ई, उ आणि नववी ऊ, ए, ऐ, ओ, औ. झाली नऊ ओळींत ४५ घरे. अनुस्वार आणि 'शब्द संपला' ही दोन घरे खाली वेगळी ठेवली.

आता या ४५ घरांतून एक निवडायचे कसे? मी एकेका अक्षरावर बोट ठेवीत गेलो आणि ती योग्य ठिकाणी डोळे वर करून 'होय' म्हणाली, तर सरासरी २३ पायऱ्या लागतात. त्याऐवजी आधी ओळ विचारली आणि मग त्या ओळीतले घर, तर सरासरी पाच अधिक तीन, म्हणजे आठच पायऱ्या. गणिताची आवड असलेला विद्यार्थी म्हणेल, 'घरांचे दोन समान भाग करीत गेलो, तर सहा प्रश्नांत काम होईल, कारण दोनाचा सहावा घात ६४ आहे.' बरोबर आहे. पण त्या पद्धतीत मुलीला सहा वेळा उत्तर द्यावे लागेल, आणि ओळीच्या पद्धतीत फक्त दोन वेळा 'होय' म्हणावे लागते. जिचा प्रत्येक इशारा शरीराशी झगडून होतो, तिच्यासाठी प्रश्न कमी असण्यापेक्षा इशारे कमी असणे महत्त्वाचे. उत्तम उत्तर कोणते, हे कोणाचे श्रम मोजायचे यावर ठरते.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, 'ह'. मग 'ळ'. मी उत्साहाने विचारले, "हळद?" डोळे मिटले. "हळदीकुंकू?" डोळे आणखी घट्ट मिटले आणि घशातून रागाचा आवाज आला. मी आणखी दोन-तीन अंदाज केले. शेवटी तिची आई म्हणाली, "भाऊजी, तिला पुरं तर करू द्या!" तिसरे अक्षर 'ऊ' निघाले. 'हळू.' मी बोट फार भरभर फिरवीत होतो, आणि पहिला शब्द तिने त्याच तक्रारीसाठी वापरला होता.

त्या शब्दाचा हिशेब करू. 'ह' सातव्या ओळीतला तिसरा, म्हणून १० पायऱ्या. 'ळ' ११. 'ऊ' नवव्या ओळीतला पहिला, म्हणून १०. एकूण ३१ पायऱ्या, आणि एका पायरीला दोन सेकंद धरले, तर ६२ सेकंद. आपण बोलताना मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द सहज उच्चारतो. तिला त्याच मिनिटात एक लहानसा शब्द सांगता आला. म्हणूनच पुढे आम्ही फळ्याच्या कडेला नेहमीचे पूर्ण शब्द लिहिले: 'दुखतंय', 'कंटाळा आला', 'पुन्हा सांगा', 'का?' आणि तिच्या आग्रहावरून आणखी दोन वाक्ये: 'तुम्ही चुकलात' आणि 'मला दुसरंच सांगायचंय'. ही दोन वाक्ये प्रत्येक फळ्यावर असलीच पाहिजेत, असे माझे मत आहे. ज्याला केवळ मागता येते पण नाकारता येत नाही, त्याला बोलता येते असे म्हणता येणार नाही.

यंत्रे आणि पुठ्ठा

हेच काम यंत्रेही करतात. इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात १९६० च्या सुमारास रेग मॅलिंग यांनी नळीतून हवा फुंकून किंवा ओढून टंकलेखन यंत्र चालविण्याची सोय केली. तिचे नाव 'पॉसम' पडले, आणि लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा होतो. आज डोळ्यांच्या हालचालींवर चालणारे संगणक आहेत. त्यांत डोळ्यावर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात. बुबुळाच्या पुढील पारदर्शक भागावरून परावर्तित झालेला ठिपका जवळजवळ जागीच राहतो आणि बाहुली मात्र सरकते. या दोहोंमधील अंतरावरून नजर पडद्यावर कोठे आहे, हे यंत्र काढते. चेन्नईत तयार झालेले 'आवाज' आणि मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये तयार झालेले 'जेलो' ही उपयोजने टॅब्लेटवर चालतात. चित्राला स्पर्श केला, की यंत्र शब्द उच्चारते. 'जेलो' मराठीतही आहे.

यंत्रे हवीतच. परंतु यंत्र मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. विजेवाचून, पावसात आणि एस.टी.मध्ये पुठ्ठाच चालतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या ताव्यावर अक्षरे लिहून तो दोघांमध्ये उभा धरला, तर समोरच्याची नजर ज्या रेषेने अक्षरापर्यंत येते, त्याच रेषेत आपले डोळे नेऊन ते अक्षर ओळखता येते. प्रकाश जितक्या सरळ रेषेत जातो, तितकेच हे सरळ आहे.

"फळ्याची सवय लागली, तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल," अशी भीती पुष्कळ पालकांना वाटते. आमच्या वहिनींनाही वाटली होती. या प्रश्नावरील अभ्यासांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्याविषयीचा पुरावा भक्कम होता, त्यांच्यापैकी कोणाचेही बोलणे फळ्यामुळे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच. कुबडी दिल्याने पाय लुळा पडत नाही, तसेच हे आहे.

शब्द कोणाचे?

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. बोलू न शकणाऱ्या मुलाचा हात सहायकाने धरायचा आणि त्या आधाराने मुलाने टंकलेखन करायचे, अशी एक पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ गाजली. मुले एकदम लांबलचक, सुंदर वाक्ये लिहू लागली. आईबापांना गहिवरून आले. मग १९९० नंतर शास्त्रज्ञांनी साधी परीक्षा घेतली. मुलाला एक चित्र दाखवायचे आणि सहायकाला त्याच्या नकळत दुसरे. मुलाला किल्ली दिसली आणि सहायकाला पेला, तर कागदावर काय उमटते? पुन्हा पुन्हा सहायकाने पाहिलेल्या वस्तूचेच नाव उमटले. सहायक लबाड नव्हते. प्लँचेटवर बोट ठेवणाऱ्यांना जशी वाटी आपोआप फिरते असे वाटते, तसाच हा प्रकार होता. आपल्या हाताची ढकल आपल्यालाच कळत नाही.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला हा, की मदतनिसाने हात धरू नये, घाईने शब्द पुरा करू नये, आणि प्रत्येक शब्दानंतर 'बरोबर?' असे विचारावे. 'हळू'ची 'हळद' करणारा मी, हात न धरतादेखील, तिच्या तोंडात माझेच शब्द घालू पाहत होतोच की!

दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. त्या दिवशी मी मुलीला दहा प्रश्न विचारले आणि नऊ बरोबर आले, म्हणून तिला नमस्कार केला. समजा, चारच बरोबर आले असते, तर? मग तिला बिस्किट हवे की नको, हे मी पुन्हा तिच्या आईलाच विचारले असते काय? बोलणाऱ्या मुलाशी बोलण्यापूर्वी आपण त्याची परीक्षा घेत नाही. मग न बोलणाऱ्याने ती का द्यावी? परीक्षा घ्यायचीच असेल, तर पद्धतीची घ्यावी: खूण नक्की कोणाची आहे, ती दर वेळी सारखी असते का, फळा नीट मांडला आहे का. पद्धत नापास झाली, तर ती बदलावी. मुलाला नापास करू नये.

शाळेने काय करावे?

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली, तिच्यामागे त्यांच्या मुलीला योग्य शाळा न मिळाल्याचा अनुभव होता. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून पदवीधर झाली, लंडनमध्ये शिकली, आणि एका बोटाने टंकलेखन करून तिने आपले आत्मचरित्र लिहिले. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकते, हे सिद्ध होऊन बराच काळ लोटला आहे.

कायदाही आता मागे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल आणि खुणांच्या भाषेबरोबर पूरक व पर्यायी संवादपद्धतींचा समावेश आहे. तरीसुद्धा आमच्या शेजारच्या मुलीला एका शाळेने प्रवेश नाकारला. मुख्याध्यापक सज्जन होते. "हिची परीक्षा कशी घ्यायची, ते सांगा," असे ते म्हणाले. हा प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो.

पाच शब्दांचे वाक्य, प्रत्येक शब्दात चार निवडी, एका निवडीला १६ सेकंद, असा हिशेब केला, तर एका वाक्याला सव्वापाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अपंग परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटे जादा द्यावीत, असे म्हटले आहे. तीन तासांच्या परीक्षेला चार तास मिळाले, तरी न थांबता, न विचार करता, न दमता, ४५ वाक्ये होतील. तेव्हा केवळ वेळ वाढवून भागणार नाही. प्रश्न कमी करावेत, सोपे करू नयेत. जेथे ज्ञान तपासायचे आहे, तेथे पर्यायांतून उत्तर निवडू द्यावे. पेपर दोन दिवसांत वाटून घ्यावा. 'हळू' ऐवजी 'हळु' निवडले, तर भूगोलाच्या पेपरात गुण कापू नयेत.

हे झाले परीक्षेचे. वर्गातले काम याहून सोपे आणि याहून अवघड आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून मोजमाप केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद थांबले, तर सगळ्याच मुलांची उत्तरे अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागली. शिक्षक बंधुभगिनींनो, जी मुलगी बासष्ट सेकंदांनी उत्तर देणार आहे, तिच्यासाठी थांबण्याची सवय लावून घेतली, तर तिच्याबरोबर मागच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलालाही बोलायला अवसर मिळेल. बोलू न शकणाऱ्या एका मुलाने वर्ग मागे पडतो, हे मला मान्य नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक प्रयोग सांगतो. वर सांगितल्याप्रमाणे ४५ घरांचा फळा पुठ्ठ्यावर काढा. एक मित्र घ्या. अर्धा तास तुम्ही हात मांडीखाली ठेवायचे, तोंड मिटायचे, आणि फक्त डोळ्यांनी 'होय-नाही' सांगायचे. मित्राला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला सांगा. पायऱ्या मोजा, वेळ मोजा. मग वर्तमानपत्रातील एका बातमीत कोणते अक्षर किती वेळा येते, ते मोजून ओळींचा क्रम बदला आणि पुन्हा वेळ घ्या. मोर्सच्या तारायंत्रात इंग्रजीतील सर्वांत जास्त येणाऱ्या 'ई' अक्षराला एकच बिंदू का दिला आहे, हे मग न सांगता कळेल. मात्र क्रम बदलल्यावर वर्णमालेची पाठ असलेली जागा हरवते, त्याचा तोटा किती, हेही पाहा. या प्रयोगात आणखी एक गोष्ट मोजता येत नसली तरी जाणवेल. मित्राने तुमचा शब्द अर्ध्यावर तोडून भलताच पुरा केला, की तुम्हाला काय वाटते, ती.

परवा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी चहा करीत होत्या. मी मुलीकडे वळून विचारले, "बिस्किट घेणार का?" तिने फळ्याकडे पाहिले. मी ओळींवरून बोट फिरवू लागलो, हळू. तिसऱ्या अक्षराला मला अंदाज आला होता, पण मी गप्प राहिलो. दोन मिनिटे झाली, चहा निवला. 'नको', आणि मग, 'लाडू'. डब्यात लाडू होते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.